आपल्या भाषेतली शाळा मागायची कशी? परभाषिक राज्यातल्या नवख्या पालकांसाठी

खानापूर तालुक्यातल्या मराठी पालकाने आणि जत तालुक्यातल्या कन्नड पालकाने एकमेकांचे अर्ज वाचले तर नाव-गाव सोडून फारसं काही बदलावं लागणार नाही. एकाचं गाऱ्हाणं कर्नाटक सरकारकडे, दुसऱ्याचं महाराष्ट्र सरकारकडे. मागणी एकच: प्राथमिक शाळेत आमच्या मुलांना आमच्या भाषेतून शिकवणारा शिक्षक द्या. सीमाभागात भाषेवरून इतकं राजकारण झालंय की ही मागणी दोन्हीकडे सारखी आहे, हे पटकन कोणी कबूल करत नाही. पण या लेखातली प्रत्येक पायरी दोघांनाही तशीच्या तशी लागू पडते. गडचिरोलीतल्या गोंडी पालकाला आणि सोलापुरातल्या तेलुगू पालकालाही.

बदलीमुळे, धंद्यामुळे किंवा लग्नामुळे दुसऱ्या भाषेच्या मुलखात आलेले पालक, आणि शाळा व्यवस्थापन समितीवर पहिल्यांदाच निवडून आलेले सदस्य, यांच्यासाठी हे लिहितोय. कायद्याची थोडी माहिती लागेल, पण ती नंतर. आपल्याकडे या विषयाची बैठक भरली की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी राज्यघटनेचं कलम ३५०अ काढतो, टाळ्या पडतात, आणि गावात पहिलीत जाणारी मुलं किती आहेत हे शेवटपर्यंत कोणाला सांगता येत नाही. शिक्षण खात्यात उलटं आहे. तिथे पहिला प्रश्न पटाचा असतो. तेव्हा कामही पटापासूनच सुरू करायचं.

पायरी १: आपण भाषिक अल्पसंख्याक आहोत का, ते पक्कं करा

देशात मराठी बोलणारे कोट्यवधी आहेत, मग आपण अल्पसंख्याक कसे, असा प्रश्न नव्याने आलेले पालक हमखास विचारतात. त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात दिलं. भाषिक असो वा धार्मिक, अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरवायचं. म्हणून बेळगाव, निपाणी, कारवार, भालकीतला मराठी माणूस कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक आहे आणि अक्कलकोटचा कन्नडिग महाराष्ट्रात.

दुसरी शंका लिपीची. ‘तुमच्या भाषेला लिपी कुठे आहे?’ हे वाक्य गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्यांनी ऐकलेलं असतं. याचा निकाल १९७१ मध्येच लागलाय. पंजाबातल्या डी. ए. व्ही. कॉलेजच्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की भाषिक अल्पसंख्याक ठरायला स्वतंत्र बोलली जाणारी भाषा असली की पुरे, वेगळी लिपी असायलाच हवी असं नाही. घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आपली भाषा असण्याचीही अट नाही. २०११ च्या जनगणनेत जवळपास ३० लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. ती अनुसूचीत नाही, म्हणून त्यांच्या मुलांचा हक्क कमी होत नाही.

मातृभाषा कोणती हे ठरवणार कोण? मुख्याध्यापक नव्हे, तलाठी नव्हे. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली होती. तिच्या ठरावात स्पष्ट आहे की पालक जी सांगेल ती मुलाची मातृभाषा. हा ठराव लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

पायरी २: कायद्यात आहे काय आणि नाही काय

घटनेचं कलम २९ आपली भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्क देतं. कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा. कलम ३५०अ राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने प्रयत्न करावा. ३५०ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमला जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ म्हणतं की शिकवण्याचं माध्यम शक्य असेल तितपत मुलाची मातृभाषा असावं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असं आहे, आणि तिथेही ‘शक्य असेल तिथे’ची पुस्ती आहेच.

‘प्रयत्न करावा’, ‘शक्य असेल तितपत’ आणि ‘शक्य असेल तिथे’. अधिकाऱ्याला हे शब्द पाठ असतात. म्हणून नुसतं कलम सांगून तो हलत नाही. त्याच्यासमोर ‘हे शक्य आहे’ एवढं सिद्ध करायचं असतं, आणि ते आकड्यांनीच होतं.

६ मे २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही माहीत असू द्या. कर्नाटक सरकारने प्राथमिक शाळांवर मातृभाषेचं माध्यम सक्तीचं केलं होतं. न्यायालयाने ते रद्द केलं आणि माध्यम निवडणं पालकाच्या हातात दिलं. बहुतेकांना तो इंग्रजी शाळांचा विजय वाटतो आणि व्यवहारात तसंच झालं. तरी पालक ठरवेल ती भाषा, हे तत्त्व तुमच्याही बाजूने वापरता येतं. पालकाला इंग्रजी निवडता येते, तशी मराठी किंवा कन्नडही निवडता येते.

पायरी ३: प्रवेश अर्जातला ‘मातृभाषा’ हा रकाना स्वतः भरा

ही पायरी लहान दिसते, पण निम्मी प्रकरणं इथेच हातची जातात. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी शाळेत गर्दी असते. गुरुजी किंवा कारकून एकामागोमाग एक अर्ज भरत असतात. नाव विचारतात, जन्मतारीख विचारतात, जात विचारतात. मातृभाषेशी आले की विचारत नाहीत. वरच्या अर्जात लिहिलेलं असतं तेच खाली उतरतं. त्यामागे कट वगैरे काही नसतो, कामाचा उरक असतो. पण तेच जनरल रजिस्टरला चढतं, तिथून ऑनलाइन नोंदीत जातं आणि उद्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तेच छापून येतं. मग तुम्ही ‘आमच्या गावात पन्नास मुलं आमच्या भाषेची आहेत’ म्हणून निवेदन देता, आणि साहेब संगणकाकडे बघून म्हणतात, ‘आमच्या नोंदीत तर चार आहेत.’

म्हणून अर्ज स्वतः भरा किंवा भरताना शेजारी उभे राहा. रजिस्टरमधली नोंद दाखवायला सांगा. जुनी नोंद चुकलेली असेल तर मूल शाळेत असेपर्यंतच दुरुस्तीचा अर्ज द्या. दाखला हातात पडल्यावरची दुरुस्ती फार डोकेदुखीची असते. जनगणनेचा प्रगणक घरी येईल तेव्हाही मातृभाषा स्वतःच्या तोंडाने सांगा, त्याला अंदाज करू देऊ नका. २०११ च्या जनगणनेत लोकांनी १९,५६९ वेगवेगळी नावं मातृभाषा म्हणून सांगितली होती. छाननीनंतर त्यांच्या १२१ भाषा झाल्या. दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषांचे आकडे वेगळे छापलेच जात नाहीत.

पायरी ४: यादी करा, आणि वेळेत करा

आता १९४९ चा ठराव पुन्हा. त्यात निकष असा ठरला की मातृभाषा प्रादेशिक भाषेहून वेगळी असलेली मुलं अख्ख्या शाळेत ४० किंवा एका वर्गात १० असतील, तर त्या भाषेतून शिकवणारा किमान एक शिक्षक द्यायचा. पुढे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची जी योजना केंद्र आणि राज्यांनी मिळून मान्य केली, तिच्यातही हाच निकष कायम राहिला. तो कायदा नाही, सरकारांनी आपणहून दिलेला शब्द आहे. न्यायालयात त्याचं वजन कायद्याइतकं नसेल, पण अर्जात तो लिहिला की अधिकाऱ्याला ‘मुलं फार कमी आहेत’ असं मोघम उत्तर देता येत नाही. किती कमी, हे सांगावं लागतं.

राज्यांना मोठा आकडा सोयीचा वाटतो, हेही ध्यानात असू द्या. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचा शासन निर्णय काढला तेव्हा हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० मुलांची अट घातली होती. तो निर्णय २९ जूनला मागे घेतला गेला. तिथे प्रश्न माध्यमाचा नव्हता, विषयाचा होता. तरी आकडा कसा फुगतो हे त्यातून कळतं.

त्याच संरक्षण-योजनेत आणखी एक चांगली गोष्ट आहे, ती फार कमी पालकांना ठाऊक असते. शाळा सुरू होण्याच्या तीन महिने आधीपासून भाषिक अल्पसंख्याक मुलांच्या पसंतीची आगाऊ नोंद शाळांनी ठेवायची असते. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, कर्नाटकात त्याच्याही आधी. म्हणजे तुमचा अर्ज फेब्रुवारीअखेर, फार तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पडायला हवा. मेच्या सुट्टीत सगळे गावी गेल्यावर आणि जूनमध्ये वर्ग भरल्यावर केलेली मागणी पुढच्या वर्षावर जाते.

नावं कुठून गोळा करायची? अंगणवाडीतून. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची नोंद अंगणवाडी सेविकेकडे असते, आणि कोणाच्या घरी कोणती भाषा बोलतात हे तिला अर्ध्या झोपेतही सांगता येतं. तिच्याशी बोला, मग घरोघर जाऊन सह्या घ्या. यादीत मुलाचं नाव, जन्मतारीख, येणारी इयत्ता, मातृभाषा, पत्ता, पालकाची सही, एवढे रकाने पुरेत. ‘समस्त ग्रामस्थ’ अशी सही चालत नाही. आणि एक कटू गोष्ट आत्ताच बोलून घेतो. ज्यांची मुलं इंग्रजी माध्यमात नाव घालून मोकळी झालीत त्यांच्या सह्यांनी यादी फुगवू नका. बडोद्यात, इंदुरात, बेळगावातही मराठी वर्ग ओस पडण्यात सरकारइतकाच आपल्या घरांचाही हात आहे, आणि चौकशीला आलेला अधिकारी हे पहिल्या दोन घरांत ओळखतो.

अर्जाचा मजकूर साधा ठेवा. असा:

प्रति, मा. मुख्याध्यापक (प्रत: गटशिक्षणाधिकारी)
विषय: येत्या शैक्षणिक वर्षासाठी मातृभाषेची आगाऊ नोंद व मराठी माध्यमाच्या शिक्षकाची मागणी
महोदय, आम्ही खाली सह्या करणारे पालक आहोत. आमच्या पाल्यांची मातृभाषा मराठी असून त्यांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, ही विनंती. सोबतच्या यादीत एकूण ___ मुले असून त्यांपैकी ___ मुले इयत्ता पहिलीत दाखल होणार आहेत. राज्यघटनेचे कलम ३५०अ, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मधील मातृभाषेची तरतूद आणि वर्गात १० किंवा शाळेत ४० विद्यार्थ्यांचा मान्य निकष विचारात घेऊन कार्यवाही करावी व झालेली कार्यवाही लेखी कळवावी.

जतमध्ये असाल तर ‘मराठी’च्या जागी ‘कन्नड’ घाला. कर्नाटकात गटशिक्षणाधिकाऱ्याच्या जागी बीईओ येतील, आणि तिथे अर्जासोबत कन्नड प्रतही जोडा. तत्त्वाचा प्रश्न करून फक्त मराठीत देणारे भेटतात. त्यांचा हक्क खरा असला तरी अर्ज टेबलावर पडून राहतो. आपल्याला शिक्षक हवाय. काहीही झालं तरी आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.

दहा मुलं भरत नसतील तर? शेजारच्या दोन-तीन वाड्यांची मुलं एका शाळेत एकत्र करण्याची, म्हणजे शाळा-शाळांत आपसात जुळवून घेण्याची सोय त्याच योजनेत सांगितलेली आहे. तसा पर्याय अर्जात स्वतःच सुचवा, कोणत्या शाळेत खोली रिकामी आहे हेही लिहा. तेही जमत नसेल तर माध्यमाचा हट्ट सोडून मातृभाषा हा एक विषय तरी मागा. पाच-सात मुलांसाठी स्वतंत्र वर्ग कोणीही देणार नाही, आणि त्यासाठी त्या मुलांना दहा किलोमीटरवर पाठवणं मला पटत नाही.

पायरी ५: शाळा आहे, पण शिक्षक भलत्याच माध्यमाचा

हा त्रास सर्वात जास्त आढळतो. पाटीवर माध्यम तुमचं असतं, पुस्तकं तुमच्या भाषेतली असतात, आणि नेमून आलेल्या शिक्षकाला ती भाषा वाचताही येत नाही. जत-अक्कलकोटकडचे कन्नड पालक हीच तक्रार करत आलेत, बेळगाव-खानापूरकडचे मराठी पालकही. कागदावर मात्र जागा भरलेली दिसते.

इथे भाषेची तक्रार करू नका, शिक्षकाची करा. फरक आहे. शिक्षण हक्क कायद्यातलं माध्यमाचं कलम मऊ आहे, पण शिक्षकांबद्दलची कलमं कडक आहेत. ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत आणि पुढे ३० मुलांमागे एक, असं परिशिष्टात आहे. ते प्रमाण प्रत्येक शाळेत राखायचं, असं कलम २५ सांगतं. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवायच्या नाहीत, असं कलम २६. तेव्हा अर्जात लिहायचं: ‘या शाळेत अमुक माध्यमाची इतकी पदं मंजूर आहेत, त्या माध्यमातून शिकवू शकणारे शिक्षक इतकेच आहेत, म्हणून इतकी पदं प्रत्यक्षात रिक्त आहेत.’ अशा वाक्याला ‘शक्य तितपत’ असं उत्तर देता येत नाही.

हे आकडे कसे मिळवायचे? माहिती अधिकारात. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. म्हणून मागच्या सत्तर वर्षांचा इतिहास त्यात लिहू नका. तीन गोष्टी मागा: शाळेची माध्यमनिहाय मंजूर पदं, सध्या कार्यरत शिक्षकांचं डी.एड. किंवा तत्सम प्रशिक्षण कोणत्या माध्यमातून झालं ती माहिती, आणि गेल्या तीन वर्षांचा माध्यमनिहाय पट. दुसरा आकडा बाहेर आला की बहुतेक वेळा पुढचं बोलणं सोपं जातं.

महाराष्ट्रात असाल तर ३० सप्टेंबर ही तारीख विसरू नका. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे पुढच्या वर्षी शाळेला किती शिक्षक हे ठरतं. आधार जुळलेली मुलंच त्यात मोजली जातात. कामासाठी आई-बापांसोबत गेलेली किंवा आधारवर नावाचं स्पेलिंग चुकलेली पाच मुलं गळली की एक शिक्षक जातो, आणि ‘जादा’ ठरून बदली होणारा शिक्षक नेमका तुमच्या भाषेचा असू शकतो. गणपती झाले की आधारच्या दुरुस्त्या आटपून घ्या.

व्यवस्थापन समितीचा उपयोगही इथेच. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. बऱ्याच गावांत ही समिती सह्यांपुरती राहते, पण शाळा विकास आराखडा करणं हे तिचं काम आहे आणि कायद्याने अनुदानाची आखणी त्या आराखड्यावरून व्हायची असते. तुमच्या भाषेच्या शिक्षकाची गरज त्या आराखड्यात लिहा. कर्नाटकात सरकारी शाळांत याच कामासाठी एसडीएमसी, म्हणजे शाळा विकास व देखरेख समिती असते.

पुस्तकांबद्दल थोडक्यात. बालभारती मराठीखेरीज हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी आणि तेलुगूतही पाठ्यपुस्तकं काढते. कर्नाटक सरकारही मराठी माध्यमाची पुस्तकं छापतं. पुस्तकं उशिरा आली तर बोंब मारा, पण लढाई त्यावर खर्चू नका. पुस्तक ऑगस्टमध्ये तरी येतं, शिक्षक येतच नाही.

पायरी ६: तक्रारीचा क्रम चुकवू नका

आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). कर्नाटकात बीईओ आणि त्यांच्यावर डीडीपीआय, म्हणजे जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक. यांतला एक जरी टप्पा गाळून मंत्र्याला निवेदन दिलंत तर ते फिरून खालीच येतं, वर फोटोपुरतं राहतं.

खाली दाद लागली नाही की शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ वापरा. मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे द्यायची. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. हा मार्ग फुकट आहे, वकील लागत नाही. एक अडचण अशी की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालानुसार अल्पसंख्याक दर्जाच्या खासगी शाळांना हा कायदाच लागू होत नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेतली आहे. तरी तूर्त तुमचं मूल अशा शाळेत असेल तर ही वाट धरू नका.

दुसरी वाट भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांची, ३५०ब खालची. पहिले आयुक्त १९५७ मध्ये नेमले गेले. तेव्हापासून त्यांचे अहवाल संसदेसमोर ठेवले जातात. त्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही, ते शिफारस करतात आणि राज्याकडून खुलासा मागवतात. पण राज्याने लिहून दिलेला खुलासा हाच पुढे उच्च न्यायालयात उपयोगी पडणारा कागद असतो. म्हणून तक्रार जरूर पाठवा, सोबत पोच घेतलेले सगळे अर्ज जोडा.

राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग आणि अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांसाठीचा राष्ट्रीय आयोग यांच्याकडे भाषेची तक्रार नेऊ नका. दोन्ही धार्मिक अल्पसंख्याकांसाठी आहेत. नवखे पालक नावावरून फसतात आणि सहा महिन्यांनी ‘अधिकारक्षेत्राबाहेर’ असं पत्र घरी येतं.

पायरी ७: स्वतःची शाळा काढायचा विचार असेल तर

कलम ३० तो हक्क देतं, पण मान्यता राज्याचीच घ्यावी लागते. भाषिक अल्पसंख्याक दर्जाचा दाखलाही राज्य सरकारच देतं. महाराष्ट्रात हे काम अल्पसंख्याक विकास विभागाकडे आहे. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ खाली एक लाखापर्यंत दंड आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगाव ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा सुरू केली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवून नोटीस काढली. घटना मातृभाषेतलं शिक्षण द्यायला सांगते, सरकारची गोंडी माध्यमाची शाळा तिथे नाही, आणि गावाने काढली तर दंडाची भाषा. मला हे अजब वाटतं. पण ज्यांना शाळा काढायची आहे त्यांनी अजबपणा गृहीत धरूनच कागद तयार ठेवावेत: जमीन, इमारत, प्रशिक्षित शिक्षक, अभ्यासक्रम.

आणि शाळा काढण्याआधी सरकारी शाळेतच आपल्या भाषेचा प्रवेश होतो का, ते तपासा. ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत सरकारी शाळांतच सुरुवातीचे वर्ग चालवायला घेतले, गावातल्याच तरुणांना शिक्षक करून. मेळघाटातल्या कोरकूसाठी किंवा भामरागडातल्या माडियासाठी तसं मागणं अवास्तव नाही.

पायरी ८: राज्यभाषेशी भांडण नको

मातृभाषेतून शिकण्याचा हक्क म्हणजे राज्याची भाषा न शिकण्याचा हक्क नाही. मुंबईतल्या गुजराती शाळांनी मराठीच्या सक्तीला आव्हान दिलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळलं. महाराष्ट्राचा २०२० चा मराठी सक्तीचा कायदा आणि कर्नाटकाचा २०१५ चा कन्नड शिकण्याचा कायदा दोन्ही भाषा हा विषय सक्तीचा करतात, माध्यम नाही. खानापूरच्या मुलाला कन्नड आलीच पाहिजे. सातबाऱ्यापासून बस डेपोतल्या नोकरीपर्यंत त्याला ती लागणार आहे. तुमच्या अर्जात ‘आम्ही कन्नड दुसरी भाषा म्हणून घेऊच’ असं एक वाक्य घाला, समोरचा माणूस बराच सैल होतो.

पायरी ९: सातवीनंतरचं आत्ताच बघा

कलम ३५०अ प्राथमिक टप्प्यावर संपतं. माध्यमिकसाठी आधार म्हणजे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेच्या काळातले निकष: वरच्या चार वर्गांत मिळून ६० आणि प्रत्येक वर्गात १५ विद्यार्थी, नवा वर्ग सुरू करताना पहिली चार वर्षं नुसते १५ चालतील. एका गावाचा पट इथे पुरत नाही. पाच-सहा प्राथमिक शाळांच्या समित्यांनी मिळून एक हायस्कूल ठरवावं लागतं, बस कुठून येईल, मुलींना ती परवडेल का, हे सगळं बघून. मध्येच बदली झाली तर दाखल्यासाठी मूल घरी बसवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला लगेच द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हायस्कूलचा विषय मात्र मूल सहावीत असतानाच पालकसभेत काढा. सातवीचा निकाल लागेपर्यंत थांबलात तर मुलं जिथे जागा मिळेल त्या शाळेत गेलेली असतात आणि पंधराचा आकडा पुन्हा भरत नाही.